थोरला थांबला, धाकटीची ट्रीटमेंट आधी: हाडांचं वय बघून घेतलेला एक निर्णय

तासगाव तालुक्यातलं द्राक्षबागायतदार कुटुंब. दोन मुलं, दोघांचेही वरचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे. थोरला मुलगा १३ वर्षं १ महिना, आठवीत. धाकटी मुलगी ११ वर्षं ४ महिने, सहावीत. जूनमध्ये शाळा सुरू होता होता आई, वडील, आजी सगळेच दोघांना घेऊन सांगलीला माझ्या ऑर्थोडॉन्टिक (वाकडे दात-जबडे सुधारायच्या) क्लिनिकमध्ये आले आणि येतानाच घरी ठरवून आले होते की थोरल्याचं आधी करायचं, कारण तो मोठा, दोन वर्षांत त्याची दहावी येणार, आणि पोरीचं काय ती अजून लहान आहे तिला दोन-तीन वर्षांनी बघू. आम्ही बरोबर उलटं केलं. धाकटीला लगेच सुरू केलं आणि थोरल्याला जवळजवळ दहा महिने थांबवलं. का केलं, कशावरून ठरवलं आणि पुढं काय झालं ते सगळं लिहितेय, कारण हा प्रश्न आपल्या भागातल्या किती घरांत असाच उलटा सोडवला जातो ते मी रोज बघते आणि त्यात नुकसान बहुतेक वेळा मुलींचं होतं. (घरच्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

आधी तोंडात काय होतं ते सांगते. धाकटीचा ओव्हरजेट, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्या दातांपासून आडवे किती पुढे आहेत ते अंतर, १० मिमी. नॉर्मल २ ते ४ धरतात. ओठ मिटतच नव्हते, आणि खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसायचा, त्यामुळे वरचे दात अजून बाहेर ढकलले जात होते. दाढांचं नातं दोन्ही बाजूंना पूर्ण क्लास टू, म्हणजे खालच्या दाढा वरच्यांच्या मानानं मागे. थोरल्याचा ओव्हरजेट ८ मिमी, ओठ जरा ताण देऊन मिटायचे, बाकी चित्र तसंच. दोघांनाही मी आरशासमोर उभं करून खालचा जबडा हळूच पुढं आणायला सांगितला, तेव्हा दोघांचाही चेहरा बाजूनं एकदम छान दिसायला लागला, आजी तर म्हणाल्या, "अगं बया, आत्ता दिसती बघ माझ्यावाणी." ही टेस्ट साधी आहे पण खूप काही सांगते. जबडा पुढे आणल्यावर चेहरा सुधारत असेल तर दोष बहुतेक खालचा जबडा मागं असण्याचा आहे, वरचा पुढं असण्याचा नाही. सेफॅलोग्राममध्येही, म्हणजे चेहऱ्याच्या बाजूनं काढलेल्या एक्स-रेतही, तेच आलं. धाकटीचा एसएनए ८१ अंश, म्हणजे वरचा जबडा जवळजवळ जागेवर, एसएनबी ७४, म्हणजे खालचा चांगलाच मागे, फरक ७ अंशांचा. थोरल्याचा फरक ६. चेहऱ्याची वाढ दोघांचीही सरासरी पद्धतीची, उभी लांबत जाणारी नाही, आणि ही गोष्ट महत्त्वाची कारण उभ्या वाढीच्या मुलांत ट्विन ब्लॉकसारखं (खालचा जबडा पुढे धरणारं) अप्लायन्स फार जपून द्यावं लागतं. नाक मोकळं होतं, तोंडानं श्वास घ्यायची सवय नव्हती, टॉन्सिलचा त्रास नव्हता.

म्हणजे निदान दोघांचं एकच. अप्लायन्सही एकच लागणार, ट्विन ब्लॉक. मग एकाला आत्ता आणि एकाला नंतर का?

कारण ट्विन ब्लॉक हे नुसतं दात ओढायचं यंत्र नाही, ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं आणि त्या मुदतीत जबडा स्वतः वाढत असेल तर त्या वाढीचा फायदा घेतं. वाढ चालू नसेल किंवा मंद असेल तर तेच अप्लायन्स बहुतांश दातच हलवतं, वरचे मागे आणि खालचे पुढे कलतात, ओव्हरजेट कमी होतो पण हनुवटी होती तिथंच. हे अप्लायन्स स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली पहिल्यांदा वापरलं आणि आज आपल्याकडच्या डेंटल कॉलेजांत पीजीची मुलं सुरुवातीलाच ते शिकतात. पण कधी द्यायचं हा प्रश्न देण्यापेक्षा अवघड आहे. वयात येताना मुलांची उंची जशी झपाट्यानं वाढते तसाच खालच्या जबड्यालाही त्याच सुमारास झपाटा येतो. मुलींत तो सरासरी १२च्या आसपास, मुलांत १४च्या आसपास. पण सरासरी ही सरासरीच, एखादी मुलगी १०व्या वर्षीच वेगात असते आणि एखादा मुलगा १५ला सुरू होतो, आणि दोघंही पूर्ण नॉर्मल. त्यामुळे जन्मदाखल्यावरचं वय बघून ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

मग बघायचं काय? मी एकाच खुणेवर कधीच जात नाही, चार-पाच गोष्टी एकमेकींशी जुळतात का ते बघते.

पहिली गोष्ट उंची, आणि त्याला एक पैसा लागत नाही. फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच आम्ही पालकांना सांगतो की शाळेची जुनी प्रगतीपत्रकं घेऊन या, कारण बऱ्याच शाळांच्या प्रगतीपत्रकावर दोन्ही सत्रांची उंची आणि वजन लिहिलेलं असतं आणि ते कुणी कधी वाचत नाही. शाळेत कधी बूट घालूनच मोजतात, कधी मागच्याच आकड्यात दोन मिळवून लिहितात, त्यामुळे एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, पण तीन-चार वर्षांचे आकडे ओळीनं मांडले की कल दिसतो. धाकटीचे आकडे असे होते: दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये १३०, गेल्या जूनमध्ये १३५, आणि आमच्याकडे मोजली तेव्हा १४२. म्हणजे आधीच्या वर्षात ५ सेंटिमीटर आणि शेवटच्या वर्षात ७. वेग वाढलाय. आई लगेच म्हणाली, "म्हणूनच युनिफॉर्म आखूड झाला, दिवाळीत घेतलेला." थोरला गेल्या वर्षी १४१.५ होता, आता १४६. वर्षाला साडेचार. झपाटा यायच्या अगोदर बऱ्याच मुलांचा वेग थोडा मंदावतो, त्याचं तसंच दिसत होतं.

दुसरी गोष्ट पाळी. मुलीच्या बाबतीत हे विचारावंच लागतं आणि ते कसं विचारायचं याला फार जपावं लागतं. भाऊ, वडील समोर बसलेत आणि आपण धाडकन विचारलं तर ती पोरगी पुढच्या वेळी यायलाच तयार होत नाही. मी नेहमी वडिलांना आणि भावाला फी-कागदांच्या निमित्तानं बाहेर काउंटरवर पाठवते आणि आईशी बोलते, मुलगी शेजारी असते पण प्रश्न तिच्यावर टाकत नाही. आई म्हणाली अजून नाही आली. त्यावर आजी म्हणाल्या, "तेच तर म्हन्ते मी, न्हाण येऊ दे, शाणी होऊ दे, मग बघू दाताचं. आत्ता काय घाई हाय?"

आता इथंच सगळी गोम आहे. पाळी येते ती उंचीचा झपाटा ऐन भरात येऊन गेल्यावर, साधारण वर्षभरानं. म्हणजे पाळी आल्यावर बघू म्हणणाऱ्या घरात मुलगी दवाखान्यात पोचते तोवर जबड्याच्या वाढीचा सगळ्यात चांगला काळ मागं पडलेला असतो. वाढ पूर्ण थांबलेली नसते, पण उतरणीला लागलेली असते. आजींचा हेतू चांगलाच होता, त्यांच्या हिशोबात पाळी म्हणजे मोठं होण्याची सुरुवात. पण उंचीच्या हिशोबात ती जवळजवळ शेवटाकडची खूण आहे. हे मी त्यांना समोर बसवून सांगितलं, तुमच्या वेळचं आठवा आजी, पाळी आल्यावर तुम्ही किती उंच झालात? त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "न्हाई झाले फार." बस, तिथून पुढं त्या माझ्या बाजूच्या झाल्या.

तिसरी गोष्ट मानेचे मणके. वडिलांना हे काही केल्या पटेना, "दाताला मानेचा फोटो कशाला मॅडम?" वेगळा फोटो काढायचाच नसतो, हे आधी सांगावं लागतं. ऑर्थोच्या ट्रीटमेंटला चेहऱ्याचा बाजूनं जो सेफॅलोग्राम काढतोच त्यातच मानेचे वरचे मणके येतात. त्याचा रेडिएशनचा डोस अगदी थोडा, काही मायक्रोसिव्हर्ट, आणि आपण नुसतं या पृथ्वीवर राहतो म्हणून वर्षाला जगाच्या सरासरीनं २,४०० मायक्रोसिव्हर्ट आपल्याला मिळतातच, त्यामुळे एका फोटोची भीती नको, पण म्हणून विनाकारण दुसरा काढायचा असंही नाही.

त्या फोटोत दुसरा, तिसरा आणि चौथा मणका बघायचा. लहान वयात या मणक्यांची खालची कड सपाट असते आणि तिसऱ्या-चौथ्याचा आकार पुढच्या बाजूला उतरता, समलंब चौकोनासारखा. मूल वाढेल तशी आधी दुसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेला खळी पडते, मग तिसऱ्याच्या, मग चौथ्याच्या, आणि आकार आडव्या आयताचा, मग चौकोनी, शेवटी उभ्या आयताचा होत जातो. १९७२ साली लॅम्पार्स्कींनी पिट्सबर्गमध्ये यावर काम केलं, पण रोजच्या वापरात ते आणलं बॅचेटी, फ्रँकी आणि मॅकनमारा यांनी, त्यांची २००५ सालची सीएस १ ते सीएस ६ अशी सहा पायऱ्यांची पद्धत आज सगळीकडे चालते. सीएस १ मध्ये सगळं सपाट, झपाट्याला अजून निदान दोन वर्षं. सीएस २ मध्ये फक्त दुसऱ्याला खळी, साधारण एक वर्ष बाकी. सीएस ३ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दोघांना खळी, आणि इथून पुढच्या वर्षभरात झपाटा येतो. सीएस ४ ला तिन्हींना खळी, झपाटा होऊन गेलेला. खालचा जबडा मागे असेल तर सीएस ३ हाच मोका.

धाकटीच्या फोटोत दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या खळ्या स्वच्छ दिसत होत्या, चौथा अजून सपाट. सीएस ३. शंकाच नको.

थोरल्याचं मात्र अडलं. त्याचा सेफ, म्हणजे सेफॅलोग्राम, बाहेरच्या सेंटरवर आधीच काढलेला होता आणि काढताना त्याच्या गळ्यात थायरॉईड कॉलर घातलेली, ती मुलांच्या थायरॉईडला रेडिएशनपासून जपण्यासाठीच असते आणि घालणाऱ्यानं काळजीनंच घातलेली, पण तिची सावली नेमकी तिसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेवर आणि चौथ्यावर पडते. दुसऱ्याची खळी उथळ दिसत होती, तिसऱ्याची खालची कड अर्धी झाकलेली. सीएस २ की सीएस ३, सांगता येईना. आता या दोन पायऱ्यांत वर्षभराचा फरक आहे, म्हणजे अंदाजानं ठोकून द्यायची गोष्ट नव्हे.

सेफ परत काढायच्या ऐवजी मी बोटाचा फोटो घेतला. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं मधलं पेर, दाताच्या छोट्या एक्स-रेचाच सेन्सर खाली ठेवून, क्लिनिकमध्ये खुर्चीवरच. पूर्ण पंजा आणि मनगटाचा फोटो काढून ग्रॉइलिक आणि पाइल यांच्या ॲटलासशी जुळवायची पद्धत जुनी आहे, १९५० सालची, आणि फिशमन यांनी १९८२ साली पंजाच्या खुणांची ११ पायऱ्यांची पद्धत मांडली. पण तो ॲटलास अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या, १९३०-४० च्या काळातल्या, सुखवस्तू घरातल्या मुलांवर बेतलेला आहे. तासगावच्या पोराच्या हाडाला त्यावरून नेमकं "इतके वर्षं इतके महिने" असं वय चिकटवणं मला बरोबर वाटत नाही. मला वय नकोच असतं, मला फक्त हवं असतं की झपाटा यायचाय, चालू आहे की गेलाय. तेवढ्याला एक पेर पुरतं. भारतातच राजगोपाल आणि कंसल यांनी २००२ साली या एमपी थ्रीच्या, म्हणजे मधल्या बोटाच्या मधल्या पेराच्या, पायऱ्या मणक्यांशी ताडून दाखवल्यात, आणि आपल्याकडच्या छोट्या क्लिनिकला हे फार सोयीचं आहे, मशीन तेच, खर्च नगण्य, पोराला परत कुठं पाठवावं लागत नाही.

पेरात बघायचं ते असं. बोटाच्या हाडाच्या बुडाला वाढीची एक वेगळी चकती असते, एपिफिसिस. आधी ती हाडापेक्षा अरुंद असते, मग हाडाइतकी रुंद होते, मग तिच्या कडा काटकोनात उठून दिसायला लागतात, मग त्या कडा हाडाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात, ज्याला कॅपिंग म्हणतात, आणि शेवटी ती हाडाला चिकटून एक होते. कडा काटकोनात उठल्या की झपाटा दारात किंवा घरात, कॅपिंग दिसलं की माथ्यावर किंवा नुकता उतरलेला, चिकटायला लागली की बराचसा गेला. थोरल्याची चकती हाडाइतकी रुंद होती, पण कडा गोलच. म्हणजे झपाटा अजून यायचाय. त्याला मिशीची रेघ नाही, आवाज फुटलेला नाही, उंचीचा वेग मंद. सगळ्या खुणा एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. धाकटीचाही त्याच सेन्सरवर एक घेतला, तिच्या कडा काटकोनात उठलेल्या, मणक्यांशी तंतोतंत जुळलं.

मणक्यांच्या पद्धतीवर आक्षेप आहेत हे इथं स्पष्ट सांगते, कारण आमच्यातलेच काही लोक सीएस ३ दिसलं की डोळे मिटून सुरू करतात. २००९ साली एका अमेरिकन अभ्यासात दाखवलं गेलं की एकच फोटो वेगवेगळ्या ऑर्थोडॉन्टिस्टना दिला तर पायरीवर त्यांचं एकमत फारसं होत नाही. मला ते खरं वाटतं, खळी म्हणायची की नुसता वाक हे बघणाऱ्यावर आहे. म्हणूनच उंची, पाळी, आवाज, पेर हे सगळं सोबत लागतं. आणि दुसरी गोष्ट, ट्विन ब्लॉक कितीही वेळेवर दिला तरी सुधारणेतला मोठा वाटा दातांच्या हलण्याचाच असतो, हाडाचा वाटा त्यापेक्षा कमी, हे मोठ्या ट्रायल्सनी दाखवलंय. पण तो जो हाडाचा वाटा आहे तो झपाट्याच्या काळात जास्त मिळतो, आणि लवकर म्हणजे ८-९ व्या वर्षीच सुरू करून पुढं परत दुसरी ट्रीटमेंट करण्यात दात फुटायचा धोका कमी होतो एवढा सोडला तर शेवटी फारसा जास्तीचा फायदा उरत नाही. त्यामुळे आधी नको, नंतरही नको.

वडिलांना हे सगळं सांगत होते तेव्हा ते बराच वेळ गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "मजी आमी जीएचं डिपिंग (घड औषधात बुडवणं) जसं मणी बघून करतो तसंच की हे. शेजाऱ्यानं केलं म्हणून न्हाई करत, कॅलेंडर बघून बी न्हाई. मणी ज्वारीएवढा झालाय का हरभऱ्याएवढा ते बागेत जाऊन बघायचं." मी म्हटलं अगदी हेच, आणि एकाच बांधाच्या दोन बागांची छाटणी वेगवेगळ्या दिवशी झाली असेल तर डिपिंगही वेगवेगळ्या दिवशी येणार ना? "व्हय, मंग धाकटीची बाग पुढं हाय म्हणा." त्यानंतर त्यांनी एकदाही आधी कोण हा विषय काढला नाही. आईची अडचण वेगळी होती, दोघांचं एकदम झालं असतं तर फेऱ्या निम्म्या झाल्या असत्या, आणि ती खरीच अडचण आहे, बागेची कामं सोडून दर महिन्याला यायचं म्हणजे मजुरी बुडते. त्यावर आम्ही थोरल्याची तपासणी धाकटीच्या फेरीतच ठेवली.

रुसला फक्त थोरला. त्याला दात लपवून हसायची सवय लागली होती आणि त्याला वाटलं बहिणीचं होतंय, माझं नाही. त्याला मी त्याच्या बोटाचा फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवला आणि सांगितलं की बाळा तुझी गाडी अजून यायचीय, आत्ता अप्लायन्स दिलं तर ते तुला दीड-दोन वर्षं घालून बसावं लागेल, तेच वेळ साधून दिलं तर वर्षाच्या आत. आणि थांबवलं म्हणजे सोडून दिलं असं नाही. तो कबड्डी खेळतो, शाळेच्या टीममध्ये आहे, आणि पुढं आलेले दात असलेल्या मुलांत पडून-धडकून दात फुटायचं प्रमाण जास्त असतं. त्याच्या दाताचं माप घेऊन मऊ माऊथगार्ड करून दिलं आणि मॅटवर जाताना ते तोंडात पाहिजेच असं त्याच्या सरांनाही कळवलं. थांबायचं ठरलेल्या खेळाडू मुलाला माऊथगार्ड न देणं मला तरी पटत नाही.

जुलैत धाकटीला ट्विन ब्लॉक बसवला. ओव्हरजेट १० असल्यानं एका दमात सगळं पुढं न आणता आधी ७ मिमी पुढे घेतलं, उरलेलं काही महिन्यांनी ब्लॉकला ॲक्रिलिक चढवून. वरची कमान जरा अरुंद होती, म्हणून मधे स्क्रू, आठवड्याला पाव फेरा, रविवारी आई फिरवायची. चोवीस तास घालायचं, जेवतानाही, फक्त ब्रश करताना काढायचं, हे जेवतानाचं पालकांना सगळ्यात अवघड वाटतं पण चावतानाच तर ते ब्लॉक खरं काम करतात. पहिला आठवडा वाईट गेला. लाळ गळायची, "स" आणि "श" नीट येईना, वर्गात मुलं चिडवायची, तिनं दोन दिवस शाळेत बोलणंच बंद केलं. भाकरी चावेना, मग आमटीत कुस्करून. आईला सांगितलं होतं की रोज रात्री दहा मिनिटं पुस्तक मोठ्यानं वाचून घ्या, आजींनी ते काम घेतलं, नातीकडून रोज पेपर वाचून घ्यायच्या, आणि दुसऱ्या आठवड्यात बोलणं साफ. चिडवण्यावर तिच्या वर्गशिक्षिकांनी चांगलं केलं, तिलाच वर्गासमोर उभं करून अप्लायन्स काय करतं ते सांगायला लावलं, त्यानंतर उलट पोरं बघायला यायला लागली.

मधे जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षकाढणीचा हंगाम, त्यात फेऱ्या चुकल्या आणि एक क्लॅस्प (दाताला धरणारी तारेची कडी) तुटून अप्लायन्स सैल झालं, तरी पोरीनं ते सोडलं नाही, तसंच घातलं. याच फेब्रुवारीत तिला पाळी आली, वय बरोबर १२. म्हणजे आजींचं ऐकून थांबलो असतो तर पहिली फेरीच या सुमारास झाली असती. तोवर तिचा ओव्हरजेट ४ वर आला होता.

मे महिन्यात मोजलं तेव्हा ओव्हरजेट ३ मिमी, दाढांचं नातं दोन्हीकडे क्लास वन, म्हणजे नॉर्मल, ओठ सहज मिटलेले. उंची १४९.५, अकरा महिन्यांत साडेसात सेंटिमीटर, म्हणजे ऐन वेगात आपण तिच्यासोबत होतो. ट्विन ब्लॉकनंतर दाढांच्या जागी बाजूनं फट राहते तशी तिलाही राहिली, वरचा ब्लॉक शेवटच्या महिन्यांत थोडा थोडा घासून खालच्या दाढा वर यायला जागा दिली. सेफमध्ये एसएनबी ७४ वरून ७६.५, दोन जबड्यांतला फरक ७ वरून ४.५. खालचे पुढचे दात ५ अंश बाहेर कलले, हे अपेक्षितच पण लिहायलाच हवं, कारण सगळं श्रेय हाडाला देऊन मोकळं होणं बरोबर नाही. किती तिच्या नैसर्गिक वाढीनं झालं असतं आणि किती अप्लायन्सनं, हे एका मुलीच्या बाबतीत वेगळं काढता येत नाही. पण बाजूचा फोटो बघितला की हनुवटी पुढं आलेली दिसते, आणि हे दात कलल्यानं होत नाही.

थोरल्याचं मोजमाप दर तीन-चार महिन्यांनी, त्याच भिंतीवर, अनवाणी, शक्यतो सकाळी, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर कमी भरतो आणि तेवढ्यानं सगळा हिशोब चुकतो. ऑक्टोबरला १४७.५, जानेवारीत १४९.५, एप्रिलला १५२. आकडे बघा, जूनपासूनच्या पहिल्या चार महिन्यांत दीड सेंटिमीटर आणि शेवटच्या तिनांत अडीच. आवाज फुटला होता, चपला वर्षात दोनदा बदलल्या होत्या. पेराचा फोटो परत घेतला, कडा काटकोनात उठलेल्या. त्याच आठवड्यात माप घेतलं आणि एप्रिलअखेर, १४ पूर्ण व्हायच्या आत, त्याला ट्विन ब्लॉक बसला. तोवर बहिणीकडून त्यानं सगळं शिकून घेतलं होतं, पहिल्या दिवसापासून जेवताना घातलं, "स" ची प्रॅक्टिसही तिनंच करून घेतली.

या प्रकरणावरून कुणी असं मात्र समजू नये की प्रत्येक मुलाला झपाट्याची वाट बघत ठेवायचं. खालचे दात वरच्याच्या पुढे, म्हणजे उलटा चावा असेल आणि वरचा जबडा मागे असेल तर ७-८ व्या वर्षीच आणा, तिथं वाट बघणं म्हणजे संधी घालवणं, फेसमास्कचा (वरचा जबडा पुढे ओढणाऱ्या, चेहऱ्यावर बाहेरून लावायच्या साधनाचा) उपयोग लवकर वयातच चांगला होतो. नुसती दातांची गर्दी असेल तर मणक्यांशी फारसं देणंघेणं नाही, मोठ्या वयातही तारा बसतात. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी ७ व्या वर्षापर्यंत करा म्हणते, ती ट्रीटमेंट सुरू करायला नाही, कुणाला कधी बोलवायचं ते ठरवायला, आणि ते आपल्यालाही लागू आहे. वेळ निघून गेलेल्या मुलीलाही उपाय आहेत, वरच्या दोन उपदाढा काढून दात मागं घेणं किंवा वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याचं ऑपरेशन, पण एकात चांगले दात जातात आणि दुसऱ्यात मोठा खर्च आणि भूल, आणि लग्न ठरायच्या वेळी ऑपरेशनची चौकशी करत आलेल्या मुली मी बघितल्यात, ज्यांचं बाराव्या वर्षी अशा अप्लायन्सवर भागलं असतं.

सध्या धाकटीला रात्री घालायचं अप्लायन्स आहे, वरचे सुळे आणि सगळ्या दाढा नीट आल्यात, दिवाळीनंतर तारा लावायच्या. तिची वाढ अजून थोडी बाकी आहे, त्यामुळे रात्रीचं अप्लायन्स बंद करायची घाई नाही, हे आईला आणि विशेषतः आजींना लिहून दिलंय. थोरल्याचा ओव्हरजेट तीन महिन्यांत ८ वरून ५ झालाय, पुढची फेरी गणपतीनंतर, त्या फेरीत दोघांचीही उंची परत मोजायची आहे आणि त्याचं माऊथगार्ड आता ट्विन ब्लॉक काढून घालायचं असल्यामुळे जबड्याच्या नव्या मापानं दुसरं करून द्यायचंय, कारण जुनं आता बसत नाही.